डिंकाच्या लाडवाचा व्यास

डिंकाचा लाडू गोडधोडात मोडत नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पेढा खाणारा माणूस गोड खातो. डिंकाचा लाडू खाणारा प्रकृतीला जपतो. आणि त्यात वावगं तरी काय आहे? तुपात तळून फुलवलेला डिंक, कुटलेली खारीक, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, बदाम, जायफळ आणि गूळ. एकाही जिन्नसाकडे बोट दाखवायची सोय नाही. त्यातून घरी केलेला. त्यामुळे मूळचा बाळंतिणीसाठी असलेला हा लाडू क्रिकेट बघता बघता तीन-तीन फस्त करणारा गृहस्थही मनाने अगदी निर्धास्त असतो.

‘साखर नाही हो, गूळ आहे’ असं म्हटलं की उरलासुरला संकोचही जातो. गुळाला खमंगपणा आहे, थोडी खनिजंही आहेत. पण कॅलरींच्या हिशेबात तो साखरेचा सख्खा भाऊ. दोघंही ग्रॅमला जवळजवळ ४. तूप तर ग्रॅमला ९. म्हणजे ४० ग्रॅमचा लाडू २००च्या घरात जातो, आणि तो फेडायला तासभर तरी रमतगमत चालावं लागतं. चालायला कोण जातंय? बाहेर थंडी असते, म्हणून तर लाडू केलेले असतात.

जुन्या बायकांकडे हे आकडे नव्हते, पण बंदोबस्त चोख होता. डबा फडताळाच्या वरच्या फळीवर. सकाळी हातावर एक लाडू, सोबत दूध, की विषय संपला. खलबत्त्यात खारीक कुटायची, चटके सोसत गरम सारणाचे लाडू वळायचे. इतक्या खटाटोपानंतर कोणालाही मोजून वाढायची बुद्धी होते. मेथीच्या लाडवाने तर हे काम स्वतःकडेच घेतलंय. पीठ कितीही दिवस तुपात भिजवून ठेवा, दुसऱ्या लाडवाकडे हात जाताना जरा थबकतोच. आता मिक्सर आहे, आणि ‘घरगुती’ लाडू किलोवर मिळतात. डबा फळीवरून उतरून टेबलावर आला, तोही झाकण उघडं ठेवून.

पाहुणे म्हणून गेलात तर विचारूच नका. ‘एकाने काय होतंय?’ म्हणून दुसरा येतो. तिसरा बशीत पडला की ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ म्हणत यजमानीणबाई चौथा ठेवतात. आग्रहापुढे भल्याभल्या आहारतज्ज्ञांचं काही चालत नाही.

म्हणून मला आहारशास्त्रापेक्षा भूमितीचा भरवसा वाटतो. लाडू गोल असतो, आणि गोलाचं घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं. ५ सेंटिमीटरऐवजी ४ सेंटिमीटर व्यासाचा लाडू वळला, तर बशीत तो जेमतेम लहान दिसतो, पण आतला ऐवज निम्म्यावर येतो! चव तीच, डिंकाचा कुरकुरीतपणा तोच, ‘एक लाडू खाल्ला’ हे समाधानही तेच. जिभेला सेंटिमीटर कळत नाहीत.

तेव्हा वहिनी, काकू, आणि हल्ली हौसेने लाडू वळणारे समस्त काका, यंदा मुठीला थोडा आवर घाला. आणि एवढं करूनही कोणी दुसरा मागितलाच, तर नाही म्हणू नका. त्याला मेथीचा द्या.