हिरव्या खुणेचे उपासक

रस्टमधला कोड वेबअसेम्ब्लीत उतरवणाऱ्या टीममध्ये 'कार्गो टेस्ट' हिरवी झाली की पेढ्यांची भाषा सुरू होते. चाचणी झाली कुठे? प्रोग्रॅमरच्या चौसष्ट बिटांच्या लॅपटॉपवर. कोड चालायचा कुठे? ब्राउझरमध्ये. तिथे पत्ते बत्तीस बिटांचे, आणि रस्टच्या 'इन्स्टंट'ला वेळ विचारली की वेळेऐवजी पॅनिक हाती येतं. विहिरीत पोहण्याची परीक्षा ओसरीवर पालथं झोपवून घ्यावी, तसला हा प्रकार.

मग कोणीतरी शहाणा 'वास्म-पॅक टेस्ट' आणतो. ही खऱ्या क्रोममध्ये चाचणी घेते, फक्त खिडकी न उघडता. मात्र क्रोम आणि त्याला हाकणारा क्रोमड्रायव्हर यांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात, आणि 2021मध्ये क्रोम दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढू लागला. परिणामी कोडला कोणी बोटही न लावता सकाळी सगळं लाल! बैठक बसते, चहा होतो, आणि दोष अर्थातच नव्या मुलाचा निघतो.

यावर रामबाण उपाय आहे. चाचण्या ब्राउझरमध्ये चालवायच्या आहेत, असं सांगणारी एक ओळ फाइलीत लिहावी लागते. ती न लिहिल्यास त्या ब्राउझरबाहेर चालणाऱ्या नोडसाठी आहेत असं धरलं जातं आणि ब्राउझरच्या फेरीत त्या वगळल्या जातात. वगळलेली चाचणी नापास कशी होणार? खूण पुन्हा हिरवी. मॅनेजर खूश, ग्राहकाचं पान कोरं, आणि तक्रार आलीच तर उत्तर तयार असतं: "कॅशे साफ करून बघा."