शेजाऱ्याचा एकही भाग नाही

घरच्याच माणसाला घरातच वर्षानुवर्षं डांबून ठेवल्याच्या खऱ्या गुन्ह्यावर मालिका काढायची ठरली, की पहिला भाग कुलुपावर सुरू होतो. मग किल्ली, मग किल्ली धरलेला हात, मग त्या हाताच्या मालकाचा चेहरा. पुढचे शंभर भाग कॅमेरा त्या चेहऱ्याला चिकटलेला. त्याचं बालपण, त्याची विकृती, त्याचं थंड हसू. कोंडलेल्या बाईच्या वाट्याला रडणं आणि दार बडवणं. आणि भिंतीपलीकडे राहणारे लोक? ते शेवटच्या भागात पोलिसांच्या गाडीभोवती गर्दी करायला येतात, तोंडावर हात ठेवून उभे राहतात आणि सुटतात. त्यांचं हे सुटणं मला मंजूर नाही.

कांदोळीचं प्रकरण आठवून बघा. जुलै २०१७. गोवा पोलिसांनी एका घरातल्या अंधाऱ्या खोलीतून पन्नाशीच्या आसपासच्या बाईला बाहेर काढलं. ती तिथे सुमारे वीस वर्षं होती. लग्न होऊन मुंबईला गेली होती. नवऱ्याचं आधीच दुसरं लग्न झालेलं आहे हे कळल्यावर माहेरी परतली. ती विचित्र वागायला लागली म्हणून खोलीत ठेवलं, असं घरच्यांचं म्हणणं. जेवण आणि पाणी खिडकीतून. भाऊ आपापल्या संसारासह त्याच घरात राहत होते. खोलीत ती कोणत्या अवस्थेत सापडली, ते तेव्हाच्या बातम्यांनी पुरेसं चघळलंय. मी लिहिणार नाही.

दार उघडलं कसं, ते मात्र पुन्हा पुन्हा लिहायला हवं. कुणीतरी ‘बायलांचो साद’ या गोव्यातल्या महिला संघटनेला ईमेल केला. संघटनेनं पोलिसांना कळवलं आणि पोलीस त्या घरी गेले. एवढंच. कुणी भिंत फोडली नाही, कुणी जीव धोक्यात घातला नाही. वीस वर्षांचं कुलूप एका ईमेलनं निघालं.

मग हा ईमेल पहिल्या वर्षी का गेला नाही? कांदोळी म्हणजे काही डोंगराआडची वस्ती नव्हे. हॉटेलं, शॅक, बारमाही वर्दळ. त्या वीस वर्षांत देशात दोन जनगणना झाल्या, २००१ आणि २०११. घराघरात जाऊन माणसं मोजली गेली. निवडणुका झाल्या, मतदारयाद्या तपासल्या गेल्या. गॅसवाला, मीटरवाला, लग्नपत्रिका घेऊन येणारे नातेवाईक, सगळे त्या उंबऱ्यापर्यंत गेले असणार. सासरहून परत आलेली ती मुलगी हल्ली दिसत नाही, हे एकालाही जाणवलं नसेल यावर माझा विश्वास नाही. जाणवलं असणार, आणि ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून सोडून दिलं असणार. मालिका लिहायचीच असेल तर हे सोडून देणं लिहा. त्यात वीस वर्षांचं नाट्य आहे.

आपला कायदाही मोजताना लवकर थकतो. भारतीय दंड संहितेत बेकायदा डांबून ठेवण्याच्या शिक्षेची चढण दहा दिवसांवर संपत होती. दहा किंवा अधिक दिवस डांबलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे या कलमापुरतं अकरा दिवस काय आणि वीस वर्षं काय, कमाल शिक्षा एकच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम १२७ मध्ये, ती पाच वर्षांपर्यंत गेली. शिडीची वरची पायरी मात्र तीच राहिली, दहा दिवस. नवी संहिता लिहिताना कुणाच्या डोळ्यांपुढे कांदोळीची खोली आली असती, तर तिथे ‘एक वर्षाहून अधिक’ अशी आणखी एक पायरी बसली असती.

आता आपल्या पडद्याकडे. मराठीत खऱ्या गुन्ह्यावर बेतलेली सर्वांत गाजलेली मालिका कोणती, तर ‘देवमाणूस’. वाईजवळच्या धोमचं हत्याकांड २०१६ च्या ऑगस्टमध्ये उघड झालं. चार वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, त्यावरून स्फुरलेला डॉक्टर झी मराठीवर आला. त्याचा दुसरा भाग निघाला, मग २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ही. त्या भूमिकेत किरण गायकवाडनं काम चोख केलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की माणसं मारणाऱ्याला तीन-तीन मालिका मिळतात आणि ज्या बायका नाहीशा झाल्या त्यांच्या घरच्यांनी पोलीस ठाण्याच्या किती पायऱ्या झिजवल्या, याला एक आठवडाही मिळत नाही.

बाहेरही हेच. ऑस्ट्रियातल्या आम्स्टेटनमध्ये योझेफ फ्रिट्झलनं पोटच्या मुलीला तळघरात चोवीस वर्षं डांबलं. एप्रिल २००८ मध्ये ते उघड झालं. त्याच घराच्या वरच्या मजल्यांवर भाडेकरू राहत होते, समाजकल्याणाची माणसं तिथे येऊन गेली होती. २०२१ साली अमेरिकेत त्यावरून टीव्हीसाठी ‘गर्ल इन द बेसमेंट’ निघाला आणि त्याचं नावच तळघरावर बेतलं. वरच्या मजल्यांवर चित्रपट बेतावा असं कुणाला वाटलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावी १४ जानेवारी २०१८ ला टर्पिन कुटुंबातली सतरा वर्षांची मुलगी खिडकीतून निसटली आणि तिनं एका जुन्या मोबाइलवरून पोलिसांना फोन केला. घरात तेरा भावंडं, काही साखळ्यांनी बांधलेली. २०१९ मध्ये आईबापांना पंचवीस वर्षं ते जन्मठेप झाली. मालिका असती तर इथे संपली असती, पार्श्वसंगीतासह. प्रत्यक्षात सरकारी यंत्रणेनं त्यांतल्या काही मुलांना ज्या कुटुंबात ठेवलं तिथेही त्यांचा छळ झाला, आणि लोकांनी त्यांच्यासाठी गोळा केलेला पैसा त्यांच्या हाती पडेना. दार उघडल्यावर गोष्ट अर्धीच झालेली असते.

राक्षस दाखवण्याचा एक तोटा सरळ आपल्या गल्लीत येऊन पोचतो. पडद्यावरचा डांबणारा इतका भयंकर असतो, की गणपतीत मोदक पाठवणारा शेजारी तसा असेल हे पटतच नाही. प्रत्यक्षात डांबणारे बहुधा चारचौघांसारखे असतात. काही क्रूर असतात. काही घरातल्या आजारी माणसापुढे हात टेकलेले असतात. औषध कुठे मिळतं हे ठाऊक नसतं आणि मुलींची लग्नं अडतील ही भीती असते. त्यांना कडीपेक्षा डॉक्टर आधी दिसायला हवा होता. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला कुठल्याही रूपात बंदी केली आहे. आजारी माणसाचे हाल किंवा हेळसांड दिसली तर ती पोलिसांना कळवणं बघणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यापर्यंत नेलंच पाहिजे.

हे मी किहीममध्ये बसून लिहितोय आणि कांदोळी मला लांबची वाटत नाही. हाच समुद्र. इथेही नारळी-पोफळीच्या वाड्यांना आता डोक्यावरून जाणाऱ्या भिंती आल्यात. मांडव्याच्या जेटीवरून शनिवारी मुंबईची माणसं येतात, रविवारी जातात. मधले पाच दिवस फाटकामागे काय चाललंय हे ठाऊक असतं ते बंगला राखणाऱ्या कुटुंबाला. त्याचं घर मालकाच्या आवारात, पगार मालकाच्या हातात. त्यानं काही ऐकलं तर सांगायचं कुणाला आणि कशाच्या भरवशावर? आणि ज्यांच्या वाड्यांना अजून वईचं कुंपण आहे अशा जुन्या घरांतही आतल्या खोलीत कोण झोपतं, हे विचारणं आपण केव्हाच सोडलं. याच किहीममध्ये सलीम अलींनी १९३० साली सुगरणींच्या घरट्यांवर तासन् तास नजर ठेवली आणि कुठल्या नरानं किती संसार मांडले ते टिपून ठेवलं. पाखरांच्या संसारात एवढं लक्ष घालणाऱ्या गावात शेजारची काकू दोन वर्षं ओटीवर आली नाही, हे कुणीतरी बोलून दाखवायला काय हरकत आहे?

आशाताई घरोघर जातात. अंगणवाडीची सेविका जाते. पोलीस पाटील आहे. या तिघांना घरात किती माणसं आहेत हे साधारण माहीत असतं, आणि यादीतलं एखादं माणूस कधीच समोर येत नसेल तर ‘त्यांना जरा बोलवा ना’ एवढं म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मी चॅनेलवाला असतो तर नायिका आशाताईलाच केली असती. तिला तीन वेळा ‘ती झोपलीय’ असं उत्तर मिळतं. चौथ्या वेळी ती दारातून हलत नाही.

पटकथा लिहिणाऱ्यांसाठी, आणि भिंतीपलीकडून आवाज ऐकू येणाऱ्या कुणासाठीही, थोडा कच्चा माल देऊन ठेवतो. ११२ हा पोलिसांचा, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, १४५६७ ज्येष्ठांसाठी. कुणाला बेकायदा डांबलंय असं वाटलं तर दंडाधिकारी त्या घराच्या झडतीचं वॉरंट काढू शकतात, आणि तो अधिकार प्रांतांनाही आहे. किहीमकरांचे प्रांत अलिबागला बसतात. बाई डांबलेली असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला खबर देता येते. ती कुणीही द्यावी, नातं लागत नाही. प्रामाणिकपणे दिलेली खबर पुढे चुकीची निघाली तरी देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीही जबाबदारी येत नाही, हे कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.