पुरीच्या ट्रॅक्टरचा वेग

आमच्या घरी चारचाकी आली, ही बातमी आमच्या हिवरा आश्रम गावात जेवढ्या वेगानं पसरली, तेवढ्या वेगानं ती गाडी नंतर कधीच पळाली नाही. संध्याकाळपर्यंत पाच-सहा जण पेढे खायला आले. ओट्यावर टेकले, अंगणभर नजर फिरवली आणि शेवटी एकानं हळूच विचारलं, "गाडी कुठं लावली मास्तर?" गाडी त्यांच्या पुढ्यातच उभी होती. तिच्या सीटवर त्यांनी टोपी काढून ठेवली होती.

चिरंजीवांच्या दहाव्या वाढदिवसाला पुण्याच्या मामानं पाठवलेली ती लहान मुलांची एटीव्ही होती. मे महिन्यात मामानं भाच्याला कोकणात नेलं. तिथं समुद्रावर पर्यटकांना असल्या गाड्यांवर फिरवतात. पाच मिनिटांच्या त्या फेरीचं भूत चिरंजीवांच्या मानेवर बसलं आणि मेहकर तालुक्यापर्यंत उतरलं नाही. समुद्राची तजवीज मामाच्या आवाक्यात नव्हती, म्हणून त्यानं गाडी पाठवली. ११० सीसीचं इंजिन, बटणस्टार्ट, रिव्हर्स गिअर आणि गुबगुबीत चार चाकं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीभोवती एक फेरी मारली. "हे कुठं चालते?"

"कुठंही. दगड, चिखल, वाळू, नांगरट."

"म्हंजे हल्यासारखी," आबा म्हणाले आणि गोठ्याकडं गेले.

मी शिक्षक. विद्यार्थ्याच्या हाती वस्तू द्यायच्या आधी ती स्वतः तपासून पाहावी, या मताचा. तपासणीत पहिली गोष्ट नजरेला आली ती चारही चाकांतली हवा. बोटानं दाबलं की टायर आत जात होता. इतक्या लांबून आली, हवा उतरली असणार. मी गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानात नेली. दुकानदारानं विचारलं, "किती टाकू?" मी मोटारसायकलवाल्याच्या थाटात म्हणालो, "तीस मार." तो म्हणाला, "मास्तर, टायर लहान हाये." मी म्हणालो, "मार."

खरं म्हणजे या टायरांची सगळी करामत त्या मऊपणातच असते. मुलांच्या एटीव्हीत चाकामागे दोन ते चार पौंड हवा पुरते. एवढ्या कमी हवेमुळं टायर दगडावर बसतो, चिखलात पसरतो, खड्डा गिळून टाकतो. गाडी फार हलकी, त्यामुळं झटका सोसायचं निम्मं काम टायरच करतो. तीस पौंडांवर तोच टायर रबरी चेंडू होतो. हा आकडा टायरवर बारीक अक्षरांत छापलेला होता. मी तो वाचला, पण जरा उशिरा, उकंड्यात चष्मा सापडल्यावर.

तो प्रसंग सांगायलाच हवा, कारण गावात त्याच्या निदान चार आवृत्त्या फिरत आहेत आणि एकीत तर मी उडी मारली असं म्हणतात.

घरामागं गोठा, गोठ्यामागं उकंडा आणि तिथून आमचं वावर सुरू. मी गाडीवर बसलो. गुडघे कानांना लागले. मोटारसायकलला वेग मूठ फिरवून द्यायचा असतो, इथं उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते, ती दाबायची. गाडी निघाली, धुऱ्याला लागली आणि तीस पौंडांनी आपलं काम केलं. चारही चाकं हवेत गेली. घाबरलेला माणूस मूठ आवळतो. मूठ आवळली की अंगठा दाबला जातो, अंगठा दाबला की गाडी पळते, गाडी पळाली की माणूस आणखी घाबरतो. उकंड्यापर्यंत हे चक्र मी तीनदा पूर्ण केलं. वळणावर तीस वर्षांच्या सवयीनं पाय टेकवायला गेलो. मोटारसायकलवर टेकलेला पाय सावरतो. इथं टेकलेला पाय मागच्या चाकाखाली जातो. चप्पल गेली, पाय वाचला. मी उकंड्यात राहिलो आणि गाडी एकटीच पुढं गेली. आबांच्या सोयाबीनचे दोन तास आडवे करून ती तुरीत अडकली.

गाडीसोबत एक लाल दोरी आली होती. तिचं एक टोक स्विचला लावायचं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद. ती दोरी मी पॅकिंगची समजून खुंटीला अडकवली होती. आबांनी ती हातात घेऊन पाहिली. "याले दावं म्हणतात," ते म्हणाले. "दावं हातात नसलं तं बैल मोकळा. एवढं शिकून तुले हे कळू नाई?"

रात्री कंबर शेकत मी गाडीचं पुस्तक वाचायला घेतलं. ते इंग्रजीत होतं, पण त्या इंग्रजीचं माहेर चीनमध्ये होतं. तरी मुद्दा कळत होता. पानोपानी एकच बजावलं होतं : दुसऱ्याला बसवू नका. ही आपल्याकडं अवघड अट. ज्या प्रदेशात मोटारसायकलवर तीन माणसं, एक पिशवी आणि एक कोंबडी हे साधं कुटुंब समजतात, तिथं एवढी लांब सीट रिकामी ठेवायची? पण सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढंमागं सरकता यावं म्हणून. चढ लागला की पुढं वाकायचं, उतार लागला की मागं सरायचं, वळताना आतल्या बाजूला कलायचं. मागं कुणी बसलं की हे सगळं बंद आणि चढावर गाडी मागच्या मागं उलटायला मोकळी.

वळताना ही गाडी अडते कशाला, ते आबांना मी बैलगाडीवरून समजावलं. बैलगाडीची चाकं आखावर सुटी फिरतात, म्हणून वळणावर आतलं चाक सावकाश आणि बाहेरचं भरभर चालू शकतं. एटीव्हीची मागची दोन्ही चाकं बहुधा एकाच आखाला जखडलेली, दोघांना सारखंच फिरावं लागतं. मातीत एक चाक घसरून निभावतं. डांबरावर ते घसरत नाही, गाडी हट्टानं सरळ जाते किंवा उलटते. म्हणून ही गाडी डांबरी रस्त्यासाठी नाहीच. आबा म्हणाले, "म्हंजे दोन भावाईचं एकत्र कुटुंब. वेगळं निघू देत नाई आन् वयू बी देत नाई."

पुस्तक संपल्यावर मी कायद्याकडं वळलो. मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला सूट आहे, पण ती चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला. आमची चाकं मोजून चार. रस्त्यावर वाहन चालवायला वय हवं १८, ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला १६. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. हे मी मोठ्यानं वाचलं. "तीन वर्षं?" असं सौ.नं दोनदा विचारून घेतलं. काळजीपोटीच असणार. ठरलं : गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, फिरेल ती आपल्या वावरात.

ही खेळण्यासारखी दिसणारी गाडी जगाला पूर्वीही महाग पडलेली आहे. १९७० साली होंडानं अमेरिकेत तीन फुगीर चाकांची गाडी काढली. लोकांनी ती डोक्यावर घेतली आणि पुढं अनेकांना ती अंगावर घ्यावी लागली. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यानं कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. चारचाकी उरल्या आणि मुलांच्या गाड्यांना वयाचे गट आले. दहा वर्षांपुढच्या गटातली गाडी वेगमर्यादा लावलेली असताना ताशी २४ किलोमीटरच्या आसपास थांबली पाहिजे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला तेही मान्य नाही, सोळा वर्षांखाली मुलांना एटीव्हीवर बसवूच नका असं ती म्हणते. आबा म्हणाले, "डागदराचं खरं हाये. पण मामानं आणली आन् पोट्ट्यानं पाह्यली. आता वेग माह्या हातात द्या."

आबांच्या आधी देखभालीचं सांगतो, कारण आबांनी चालवण्याच्या आधी तेच सुरू केलं. जो बैलाला चारा घालत नाही त्याला कासरा धरायला मिळत नाही, हा घरचा जुना नियम. पंधरा दिवस चिरंजीवांनी गाडी फक्त सांभाळली. रोज सकाळी चाकं दाबून पाहायची, हवा थंड टायरला मोजायची, तीही कमी दाब दाखवणाऱ्या छोट्या मापकानं. पंक्चरच्या दुकानातल्या मोठ्या काट्याला तीन पौंड दिसतच नाहीत. चाकांचे नट तपासायचे. दोन्ही ब्रेक दाबायचे. अंगठ्याची पट्टी सोडली की झटकन मागं येते का, ते बघायचं. तेल बघायचं. साखळीला मधोमध बोट लावायचं : ताठ असली तर झिजते, सैल असली तर उतरते. टाकी भरायची ती इंजिन थंड असताना. आणि गरम सायलेन्सर घेऊन कुटाराच्या ढिगाजवळ जायचं नाही, कारण कुटार पेटायला आगपेटी लागत नाही.

सोयाबीन निघायच्या दिवसांत थ्रेशरच्या धुळीनं गाडी खोकायला लागली. आत हवा गाळणारा फोमचा तुकडा असतो. तो साबणाच्या पाण्यात धुवायचा, न पिळता दाबून निथळायचा, सावलीत वाळवायचा, चार थेंब तेल लावून परत बसवायचा. चिरंजीवांनी तो धुऊन मोरीच्या कडेला ठेवला. दुपारी पाहतो तो गायब. स्वयंपाकघरात भाजीची करपलेली कढई मात्र आरशासारखी चकचकत होती. "पुण्याचा घासणा चांगला आहे," सौ. म्हणाली, "मामाला अजून दोन पाठवायला सांगा." मामानं दोन पाठवले. एक गाडीत गेला, एक मोरीत.

हेल्मेटचीही परीक्षा झाली. प्रथम माझं घालून पाहिलं. चिरंजीव उजवीकडं पाहत तेव्हा हेल्मेट समोरच पाहत असे. मग मेहकरहून डोक्याच्या मापाचं आणलं. सोबत घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे. उपरणं, ओढणी, मफलर यांना साखळीच्या आसपास बंदी. गाडीवर कुणी मोठ्यानं बसायचं नाही, ही बंदी माझं नाव घालून जाहीर झाली.

आता वेग. आमच्या तालुक्यात दोन वेग प्रसिद्ध आहेत. एक समृद्धी महामार्गाचा. २०२२ च्या डिसेंबरात तो सुरू झाला आणि मोटारींना तिथं ताशी १२० ची मुभा आहे. दुसरा आमच्या गावचा. विवेकानंद आश्रमात पौषात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. माणूस लाखाच्या हिशेबात येतो. शेतात पंगतींच्या ओळीच ओळी बसतात आणि वाढप होतं ते ट्रॅक्टरवरून. दोन्ही अंगांना मांडी घातलेल्यांचे गुडघे, मधून ट्रॉली चाललेली, ट्रॉलीतून स्वयंसेवक पुऱ्या देत चाललेले. चालवणाऱ्याचा पाय क्लचवर आणि डोळा गुडघ्यांवर. माणसाच्या पानातली भाजी हलू नये, असा तो वेग.

आबा म्हणाले, "समृद्धीवर कोनीबी पळवते. ज्याले दोन पंगतीच्या मधातून टॅक्टर नेता येते, त्याले गाडी येते."

अंगठ्याच्या पट्टीपाशी एक छोटा स्क्रू असतो. तो आत पिळला की पट्टी कितीही दाबा, ठरावीक मर्यादेपुढं जात नाही. आबांनी काठी घेतली आणि धुऱ्यानं झपझप चालायला लागले. बाजूला नांगरटीत चिरंजीव, पट्टी पूर्ण दाबून. गाडी आबांच्या पुढं गेली की थांबायचं आणि मी अर्धा आटा पिळायचा. साडेतीन आट्यांना दोघं बरोबरीत आले. आबांनी लॉकनट कसून घेतला आणि पाना स्वतःच्या बंडीत ठेवला.

आता रविवारी सकाळी वावरात हे दोघं दिसतात. पुढं काठी, मागं गाडी, चिरंजीवांच्या मनगटाला लाल दावं. परवा मामाचा फोन आला. "काय रे, किती पळते?"

"आबाइतकी," चिरंजीव अभिमानानं म्हणाले.

तुमच्या घरी अशी गाडी येणार असेल तर आधी पुस्तक वाचा, हेल्मेट मापाचं घ्या, दावं मनगटाला बांधा आणि वेगासाठी घरातलं एक म्हातारं माणूस नेमा. आमच्या आबांना येत्या पोळ्याला अठ्ठ्याहत्तरावं लागेल.