पैठणच्या मार्पलमावशी

अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल उद्या पैठणात राहायला आल्या, तर त्यांचं काहीएक अडणार नाही. सुया-लोकर ठेवून द्यायची आणि नाथांच्या वाड्याकडच्या एखाद्या गल्लीत ओट्यावर वाती वळत बसायचं, एवढाच काय तो फरक. १९३० सालच्या पहिल्या कादंबरीपासून बाईंची तपासाची रीत ठरलेली. संशयित दिसला की आपल्या खेड्यातलं कोण असं वागायचं ते आठवायचं. ही विद्या आमच्याकडे घरोघर आहे. एस.टी.तून उतरलेला पाहुणा ओट्यापाशी येईपर्यंत त्याचं गाव, आडनाव आणि येण्याचं कारण मावशींनी काढलेलं असतं. बोलतात ते फक्त खातरजमेसाठी. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेला निदान सायकल तरी लागते. मावशी जागच्या हलत नाहीत.

म्हणूनच श्रीखंड्याचं प्रकरण मला नेहमी बुचकळ्यात टाकतं. एकनाथांच्या घरी एक पोरगा बारा वर्षं कावडीनं गोदावरीचं पाणी भरतो, चंदन उगाळतो, आणि अख्ख्या गावात एकीलाही विचारावंसं वाटत नाही, की बाबा, तू कुणाचा? अखेर तो पोरगा म्हणजे साक्षात देव, हा शोध लावला द्वारकेहून आलेल्या परक्या ब्राह्मणानं, तोही स्वप्नात दृष्टान्त झाला म्हणून! रोनाल्ड नॉक्सनं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यात दैवी मदतीला साफ मनाई आहे. आणि हा नॉक्स स्वतः पाद्री. आमची केस त्याच्याकडे गेली असती तर पहिल्याच पानावर बाद झाली असती. गावानं मात्र ती अजून बंद केलेली नाही. श्रीखंड्या पाणी भरायचा तो वाड्यातला रांजण दर वर्षी तुकाराम बीजेपासून नाथषष्ठीपर्यंत भरायला घेतात आणि ज्याच्या घागरीनं तो वाहू लागेल, त्याच्या रूपानं देव पाणी घालून गेला असं मानतात. म्हणजे संशयित दर वर्षी नवा.

याहून जुनी केस वेताळाची. सोमदेवाच्या कथासरित्सागरातला तो राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचाच, म्हणजे आमच्या गावचा. इतर गुप्तहेर प्रेत सापडल्यावर कामाला लागतात. हा प्रेत खांद्यावर घेऊनच चालतो, आणि त्यातल्या वेताळाच्या कोड्याचं उत्तर बरोबर आलं की प्रेत पुन्हा झाडावर. त्यातली विषबाधेची गोष्ट तर अस्सल आहे. एका बाईनं भुकेल्या ब्राह्मणाला जेवण वाढून दिलं. तो ते झाडाखाली ठेवून हातपाय धुवायला गेला. वर घार येऊन बसली, तिच्या पंजात साप, आणि सापाचं विष टपकलं थेट अन्नात. ब्राह्मण जेवला, मरता मरता बाईवर आळ घालून गेला, आणि नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं. दोषी कोण? राजा म्हणतो, घार नाही, साप नाही, वाढणारीही नाही. विचार न करता यांच्यातल्या कुणालाही दोषी म्हणेल, पाप त्याला.

निकाल थोर आहे; पण तो लागू केला तर आमच्या गल्लीतला एकही ओटा निर्दोष सुटायचा नाही. तरी एका मावशींना मी ही गोष्ट सांगून पाहिली. त्यांनी वात पुरी वळली, बोटं पदराला पुसली आणि म्हणाल्या, "राजाचं राहू द्या. मेल्याला ताट झाकून जायला काय झालं होतं?"