अडीच एकरातली पीएच.डी.
(नवशिक्यांसाठी सोपी कृती)

विषय : बिनतारी सेन्सर जाळ्यांसाठी ऊर्जा वाचवणारे अल्गोरिदम. घरी सांगताना एवढंच सांगावं : सेलवर चालणारी छोटी यंत्रं शेतात पेरायची, ती ओल मोजून एकमेकांना कळवणार, आणि सेल लवकर उतरू नयेत याची युक्ती आपण शोधणार. यावर आजी म्हणेल, ‘मंग मिस कॉल द्याचा.’ आजीचं बरोबर आहे. पण मिस कॉलवर प्रबंध होत नाही.

साहित्य : एक लॅपटॉप (चार्जर लावलेलाच असावा, ऊर्जाबचतीचं सिम्युलेशन बॅटरीवर फार टिकत नाही), मॅटलॅब हे सॉफ्टवेअर, 100 नोड (म्हणजे तीच छोटी यंत्रं), एक गाइड, चहा लागेल तसा.

कृती :

1. वावर आखा. 100 मीटर लांब, 100 मीटर रुंद. म्हणजे एक हेक्टर, आपले अडीच एकर. जगभरातले कितीतरी प्रबंध एवढ्याच वावरात पिकले आहेत. या वावराला धुरा नाही, नाला नाही, बोरीचं झुडूप नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळत नाही, रोही शिरत नाहीत, रानडुकरं नोड उकरून काढत नाहीत. अशा वावरात 100 नोड मूठ उधळल्यासारखे फेका. एका ओळीच्या कोडमध्ये पेरणी उरकते, आणि पावसाची वाटही पाहावी लागत नाही.

2. शिदोरी बांधा. प्रत्येक नोडला रिवाजाप्रमाणे अर्धा ज्यूल द्यावा. अर्धा ज्यूल म्हणजे किती? शेगावात पन्नास ग्रॅमची कचोरी मीटरभर उचलायला लागतो तेवढा. चावायचा खर्च वेगळा. एवढ्यावर नोडला जन्म काढायचा आहे, म्हणून त्याला एकच शिकवण द्या : विचार स्वस्त, बोलणं महाग. पॉटी आणि कायझर यांनी 2000 साली हिशेब मांडला, की 1 किलोबिट माहिती 100 मीटरवर धाडायला लागणाऱ्या ऊर्जेत प्रोसेसर सुमारे 30 लाख सूचना पार पाडू शकतो. त्यात अंतर दुप्पट झालं की खर्च चौपट. आणखी लांबच्या पल्ल्यावर तर सोळापट. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर ज्याने हाक मारली आहे, त्याला हे सूत्र घोकावं लागत नाही.

3. लीच लावा. ऊर्जा वाचवणाऱ्या अल्गोरिदमांचा हा मूळपुरुष. एमआयटीतल्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी तो 2000 साली मांडला. उच्चार जळवेचा, गुण उलटा. तत्त्व असं : गावातल्या प्रत्येकाने रोज तालुक्याला कशाला जायचं? एकाने जावं, सगळ्यांची कामं एका फेरीत करून यावं. पण रोज त्याच भल्या माणसाला पिटाळलं तर तोच आधी संपेल. म्हणून पाळी. दर फेरीत साधारण 5 टक्के नोड ‘क्लस्टर हेड’, म्हणजे तालुक्याला जाणारे, होतात, आणि 20 फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकदाच येते. पद इतक्या मुकाट्याने हातोहात फिरताना पाहायचं असेल, तर मॅटलॅबच उघडावं लागतं.

4. बारसं करा. ‘सुधारित लीच’ हे नाव आधीच गेलेलं असतं, ‘अतिसुधारित’ही. मग एखादा प्राणी जोडा. करड्या लांडग्याचा अल्गोरिदम 2014 चा, देवमाशाचा 2016 चा. खामगाव-चिखलीकडे देवमासा कुठून आला, असं कोणी विचारत नाही.

5. आलेख काढा. पहिला नोड कितव्या फेरीत मेला, अर्धे कधी मेले, शेवटचा कधी, हे मोजा. आपली रेघ लीचच्या वर असावी. खाली आली तर गाइडना दाखवण्याआधी कोड पुन्हा तपासा. मग आणखी एकदा तपासा.

टीप : बॅटरी उतरली की नोड मेला, ही व्याख्या कागदावरची. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ 2019 च्या अखेरीस आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. सगळी मिळून त्याची पायपीट 3 हजार किलोमीटरच्या घरात गेली. कॉलर त्याचा ठावठिकाणा तासातासाने टिपायची, क्षणाक्षणाला नाही; बॅटरी पुरवून वापरायची युक्ती तीच. ती बरीचशी उतरल्यावर 2020 मध्ये कॉलर काढली गेली. आपल्या आलेखावर हा नोड मृत. जंगलात वाघ चालता.

6. तोंडी परीक्षा द्या. बाहेरचे परीक्षक विचारतील, ‘हे प्रत्यक्ष शेतात लावून पाहिलंत का?’ घाबरू नका. शेवटच्या प्रकरणाकडे बोट दाखवा. त्याचं नाव ‘पुढील संशोधनास वाव’. परीक्षक मान डोलावतील. त्यांच्याही प्रबंधात ते प्रकरण होतं.

7. पेढे घेऊन घरी जा. वडील पेढा हातात धरून तोच प्रश्न विचारतील : ‘मंग आपल्या वावरात लावून पाह्यलं काय?’ सवयीने ‘वाव आहे’ म्हणाल. त्यावर ते म्हणतील, ‘वाव राहू दे. सेल किती लागतीन ते सांग.’

या प्रश्नाचं उत्तर या मार्गदर्शिकेत नाही. वावर खरं आहे, धुऱ्यासकट.