एकशे वीसवर कोणी बघत नाही

आमच्या घरात वेगाचं वेड बैलांच्या बाजूने आलं. आबाजींकडे पटाची जोडी होती. तळेगाव दशासरचा शंकरपट आला, की नाचणगावातले निम्मे पुरुष घरी सापडत नसत. धुरकऱ्याने जोडी सोडली, धूळ उडाली, एवढ्यात काही सेकंदांचा खेळ संपायचा. उजवा कुठे दबला आणि डाव्याने कुठे खेचलं, याचा पंचनामा मात्र पारावर पुढच्या पटापर्यंत चालायचा. धावायला सेकंद आणि सांगायला वर्ष! हा हिशेब मला लहानपणीच आवडला.

कापसाचे पैसे आले त्या वर्षी वडिलांनी लूना घेतली. इंजिन ५० सीसीचं, मदतीला पायडल. समोरून वारा असला की सायकलवाला शेजारून गप्पा मारत पुढे जायचा. पण मी सदरा फुगवून, मान खाली घालून पुलगावच्या बाजारात शिरलो, तेव्हा एक भाजीवाली ओरडली, "पडशीन ना बे!" माझ्या वेगाला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

मग आली आरएक्स १००. नाव शंभराचं, इंजिन ९८ सीसीचं, पण ११ घोड्यांची ताकद. तिचा आवाज माझ्याआधी गल्लीत पोचायचा. बाया वाळवणं आत घ्यायच्या, आया पोरं आत घ्यायच्या आणि मुलींचे बाप मुली आत घ्यायचे. एवढा मान मला पुढे कुठल्याच गाडीने दिला नाही.

डिसेंबर १९८३मध्ये देशात आलेली मारुती ८०० माझ्यापर्यंत यायला बरीच वर्षं आणि दोन मालक लागले. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. तेव्हा गावात दबदबा होता तो काकाजींच्या प्रीमियर पद्मिनीचा. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी, गिअर स्टिअरिंगपाशी. काकाजी ती रस्त्याच्या बरोबर मधून चालवत, त्यामुळे त्यांच्या पुढे कोणी जातच नसे. देवळीच्या रस्त्यावर मी गेलो. त्या दिवाळीला काकाजींनी मला फराळाला बोलावलं नाही. गाडी कमी पेट्रोल खाते, पण वेग महाग पडतो, हे तेव्हा समजलं.

संयम शिकवला तो पुलगावच्या दारूगोळा डेपोने. लष्करी ट्रकांची रांग संथपणे चालली असेल, तर त्यात काय भरलंय ते विचारायचं नसतं. तिथे मी कधी हॉर्न वाजवला नाही. आमच्या भागातले भलेभले त्या रांगेमागे साधुसंत होतात.

पुढे स्विफ्ट आली, ८७ घोड्यांची. ती विकून सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. इंजिन १.२ लिटरचं, पण टर्बोमुळे १०५ घोडे! ही बातमी मी घरात मोठ्या अभिमानाने सांगितली. बायको गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आबाजींच्या दोन बैलांनी वावर वाहिलं, कापूस वाहिला, अन् पटही मारला. तुमचे एकशे पाच घोडे साधं दळण आणत नाही." त्यात तथ्य होतं. गिरणीच्या वाटेवरच्या गतिरोधकाला या गाडीचं पोट घासतं. दळण अजून लूनावरच येतं.

एवढे घोडे पळवायचे कुठे? ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुचाकी नाही, तीनचाकी नाही, कारला १२०ची मुभा. विरूळला चढलो, पाय दाबला, काटा १२०वर टेकला. आयुष्यभराची इच्छा पुरी झाली. पाच मिनिटांनी मला जांभई आली.

दोन्ही बाजूंना कुंपण. पलीकडे तुरीची शेतं, शेतात चिटपाखरू नाही. आजूबाजूच्या गाड्याही १२०नेच चाललेल्या, म्हणजे आम्ही सगळे शेजारी शेजारी उभेच. "पडशीन ना बे" म्हणायला कोणी नाही. टोलवर तरी कोणी गाडीकडे बघेल म्हटलं, तर फास्टॅगने पैसे कापून घेतले आणि आडवा दांडा आपोआप वर झाला. तेव्हा आबाजींचा पट नीट समजला. वेग पळणाऱ्याला कळत नाही, तो बघणाऱ्याला कळतो. आणि बघणारा ओळखीचा हवा, नाहीतर नावानिशी शिव्या कोण देणार?

म्हणून आता संध्याकाळी मी पोलो गावातूनच फिरवतो, ताशी दहाच्या वेगाने. काच खाली, कोपर बाहेर. लोकांना गाडी सावकाश बघता यावी. परवा पारावरून आवाज आला, "काहून बाप्पा, बंद पडली काय?" मी नाही म्हणेपर्यंत दोन पोरांनी मागून ढकलायला सुरुवातही केली. दचकून मी पाय दाबला, गाडी सुसाट निघाली. मागून पोरं ओरडली, "झाली बे चालू!" आणि अख्ख्या पाराने टाळ्या वाजवल्या.