विद्यार्थियशाचे शास्त्र

वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषा, हस्तोद्योग आणि त्यातून क्रमशः निघणारे शिक्षकाचे वेतन एवढ्याच तुटपुंज्या सामग्रीवर भिस्त ठेवून पुढचा मामला झाकीर हुसेन समितीच्या हवाली केला. १९९४ साली बंगळुरात अवतरलेल्या ‘नॅक’ या महाविद्यालये जोखणाऱ्या परिषदेचे सात निकष त्या थोरांना ठाऊक असणे संभवनीय नव्हते, म्हणून ही उणीव आपण उदार अंतःकरणाने क्षम्य मानली पाहिजे.

आता चिंता नाही. तज्ज्ञांचे पथक येणार अशी वर्दी मिळताच महाविद्यालयाच्या भिंतींना रंग चढतो, कुंड्या भाड्याने येतात आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, ज्याचे मानधन दर तासाचे व तेही मंजुरीच्या प्रतीक्षेत, अध्यापनाचा क्षुद्र व्यवसाय तहकूब करून दस्तऐवजांच्या बाडांना अनुक्रमांक घालू लागतो. नेतृत्वविकासाच्या कार्यशाळेस प्रभारी प्राचार्य जातात. कायम प्राचार्यच नसल्याने नेतृत्वात दोष काढण्यास कोणासही जागा उरत नाही.

व्यत्यय काय तो विद्यार्थ्याचा. हिंगणघाटच्या बाजारात कापूस येण्याच्या सुमारास तो वेचणीला जाऊन हजेरी बिघडवतो, आणि पुढे नापास होऊन निकाल. सबब, प्रवेशच बंद केल्यास गळती, तक्रारी आणि अपयश ही तिन्ही एका फटक्यात शून्यावर येतील, अशी नम्र सूचना मी तज्ज्ञांकडे धाडणार होतो. परंतु चौकशीअंती कळले की कित्येक ठिकाणी वर्ग केव्हाच रिकामे झाले असून हजेरीपटावर उपस्थिती मात्र शंभर टक्के आहे.